वाचकांचे प्रश्न : व्याख्यानमालेची तयारी

प्रश्न : आमच्या वाचनालयाला ५० वर्षे पूर्ण होत असून, त्यानिमित्त शाळेच्या मैदानावर तीन दिवसांची व्याख्यानमाला घ्यायची आहे. तयारी कोठून सुरू करावी?
– एक कार्यवाह

उत्तर : निमंत्रणपत्रिकेपासून तर नक्कीच नको. आधी वक्त्यांच्या तारखा लेखी पक्क्या कराव्यात आणि मगच मैदान, मंडप, पत्रिका यांकडे वळावे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि एरवीही त्यासाठी लेखी परवानगी लागते. त्यामुळे पोलीस ठाण्यात अर्ज वेळेवर द्यावा आणि कार्यक्रम साडेसहालाच सुरू करावा, कारण आपल्याकडे प्रास्ताविक आणि सत्कार यांतच पाऊण तास सहज जातो. (सत्कार कमी करा, असे सुचवणारा कार्यवाह अप्रिय होतो, तरीही सुचवावे.)

आमच्या एका समारंभात समई, तेल, वाती, हार सगळे जागेवर होते, फक्त काडेपेटी नव्हती, आणि प्रमुख पाहुणे समईपुढे ताटकळत उभे राहिले. तेव्हापासून व्यासपीठावरील वस्तूंची यादी आम्ही एकाच व्यक्तीकडे सोपवतो. जनित्र आदल्या संध्याकाळी चालवून पाहावे. मंडपवाल्याची पावती मात्र शेवटच्या रात्रीच घ्यावी, म्हणजे देणगीदारांना आठवड्याभरात हिशेब देता येतो.