स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटत नाही, मग स्टील खोटं का?

अजिबात नाही. मुंबईत तांबाकाट्याच्या भांडीबाजारात भांडी घेताना चुंबक लावून पारख करणारे पाहिले की मला वाईट वाटतं, कारण चांगला डबा ते परत ठेवतात.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबकच असतो. पण तांबं, ॲल्युमिनियम यांत त्यांचे परिणाम जवळपास एकमेकांना मारून टाकतात. लोखंड, निकेल, कोबाल्टमध्ये काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे उरतात आणि शेजारचे अणू आपणहून एका दिशेला तोंड करतात. अशा गटांना चुंबक आपल्याकडे वळवतो, म्हणून ते खेचले जातात.

आता गंमत स्टीलची. त्यात लोखंडच जास्त, पण भांड्यांच्या ३०४ प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं, तरी इथे ते अणूंची मांडणीच बदलतं आणि अणू एका दिशेला तोंड करत नाहीत. ४३० प्रकारात निकेल जवळजवळ नसतं, त्याला चुंबक घट्ट चिकटतो.

घरी डब्याच्या दुमडलेल्या काठाला चुंबक लावून बघा. तिथे किंचित ओढ जाणवू शकते, कारण पत्रा वाकवताना थोडी मांडणी पुन्हा बदलते.