दिल्ली–लेह विमानं सकाळीच का? आणि गोव्याहून एका दिवसात पोचता येतं का?

फोंड्याच्या ताईंचे प्रश्न असे: जूनमध्ये आईवडिलांना घेऊन लेहला जायचंय. सकाळी गोव्याहून निघून त्याच दिवशी लेह गाठता येईल का? दिल्लीहून दुपारी एकही विमान का नाही? हवाईदलाचा तळ आहे म्हणून का? त्यांना दोघातिघांनी 'हो, मिलिटरीमुळेच' असं सांगून टाकलंय. मला ते पटत नाही.

गोवेकराला तसं वाटणारच म्हणा. आपला दाबोळी विमानतळ म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा तळ आणि त्यात नागरी विमानांना दिलेली जागा. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू होईपर्यंत आपल्याकडे दुसरा पर्यायच नव्हता. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव, त्यामुळे प्रवासी विमानं त्याच्या आधी नाहीतर नंतर. लष्करी विमानतळ म्हटलं की वेळापत्रक गणवेशवाले ठरवणार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. लेहला मात्र वेळ ठरवतो तो डोंगर.

लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर, म्हणजे १०,६८२ फुटांवर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ७० टक्केच दाट. पातळ हवेत पंखांना तेवढीच उचल मिळवायची तर विमानाला जमिनीवर सुमारे १८ टक्के जास्त वेगाने धावावं लागतं. त्यात इंजिनांचा जोरही कमी पडतो आणि उतरताना त्या वाढीव वेगाला आवरायचं काम ब्रेकवर येतं. एवढं असून धावपट्टी जेमतेम पावणेतीन किलोमीटरची; आपल्या दाबोळीची त्याहून लांब आहे!

शिवाय वाट एकच. सिंधूच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगररांगा. विमान पश्चिमेकडून खोऱ्यात शिरतं, स्पितुक गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) टेकडीजवळून येतं आणि चढत्या धावपट्टीवर उतरतं. निघताना उलट, उताराच्या दिशेने पश्चिमेकडे. दाबोळीला वारा फिरला तर विमान दुसऱ्या टोकाने आणता येतं, ही सोय तिथे जवळपास नाहीच. उतरायचं की परत फिरायचं हा निर्णयही वैमानिकाला बराच आधी घ्यावा लागतो, कारण पुढे वळायला जागा कमी. म्हणून लेहसाठी वैमानिकांचं प्रशिक्षण वेगळं असतं.

आता दुपारचं. उघडेबोडके डोंगर उन्हाने तापले की खोऱ्यातून जोराचा वारा सुटतो. सकाळी शांत असलेली हवा दुपारी विमानाला हिसके द्यायला लागते. तापलेली हवा आणखी पातळ होते, ते वेगळंच. २०२४च्या जुलैअखेर लेहचं तापमान इतकं चढलं की अनेक उड्डाणं रद्द करावी लागली. लडाखमध्ये विमान उकाड्यामुळेही अडतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

लष्कराचं म्हणाल तर मुळात तो विमानतळ त्यांच्यासाठीच झाला. पाकिस्तानशी झालेल्या १९४८च्या युद्धात लेहचा संपर्क तुटायची वेळ आली होती. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिकांच्या मदतीने धावपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डाकोटा विमान उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. वाट दाखवणारी कसलीही यंत्रणा नसताना, इतक्या उंचीवर! मला विचाराल तर हे प्रकरण शाळेच्या पुस्तकात हवं. आजही बर्फाने रस्ते बंद झाले की सैन्याची रसद एएन-३२, आयएल-७६ आणि सी-१७ विमानांनीच जाते. तुम्हाला याची झळ फारशी लागणार नाही. तपासणी कडक असते आणि विमानतळावर फोटो काढायला बंदी असते. दाबोळीची सवय आहेच, मोबाइल खिशात ठेवा.

आता तुमचा बेत. कागदावर पहाटेचं गोवा–दिल्ली आणि पुढे उशिराचं लेह असं जुळलेलं दिसलं तरी घेऊ नका. दुसरीकडे दोन तास उशीर झाला तर विमान दोन तासांनी सुटतं. लेहला दोन तास उशीर म्हणजे बहुधा उद्या, कारण तोवर वारा सुटलेला असतो. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. दाबोळी असो की मोपा, आदल्या संध्याकाळी निघा, दिल्लीत झोपा, पहाटेचं लेह पकडा. परतताना लेह–दिल्ली आणि दिल्ली–गोवा यांच्यामध्येही एक रात्र ठेवा.

आईवडिलांबद्दल एक गोष्ट. उडत्या विमानात केबिनमधला दाब साधारण आठ हजार फूट किंवा त्याहून कमी उंचीवर असतो तसा राखलेला असतो. लेहला उतरताना तो बाहेरच्या दाबाशी जुळवावा लागतो. म्हणजे दार उघडल्यावर मिळणारी हवा विमानातल्यापेक्षाही विरळ! समुद्रकाठचा माणूस काही तासांत तिथे पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहायचं, पाणी प्यायचं, दारूला हात लावायचा नाही. 'खारदुंग ला' ही उंचावरची खिंड त्यानंतर. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळीही त्यांनाच विचारून. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. आणि हो, गोव्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं.

परतीच्या सामानात जर्दाळू आणि शाली कोंबताना हात आखडता घ्या. लेहहून उडताना वजनावर मर्यादा असते, ऊन वाढलं की ती आणखी कमी होते. कधीकधी काही बॅगा मागे ठेवून विमान निघतं आणि त्या नंतर येतात. आईवडिलांची औषधं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.