नकाशा कापायचा कुठून?

प्रश्न : आमच्या शाळेला भारताच्या नकाशाचं पुठ्ठ्याचं कोडं भेट मिळालंय. तिसरीची पोरं ते भराभर जोडतात. पण कर्नाटकाच्या वर कुठलं राज्य, असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. या खेळानं भूगोल येतो म्हणतात, ते खरं काय? आणि तो मुळात काढला कुणी?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, पोरांना बोल लावू नका, आधी कोड्याची कापणी बघा. कारखान्यात पुठ्ठा कापायचा साचा ठरलेला. त्याखाली भारताचा नकाशा सरकवा नाहीतर मांजराचं चित्र, तुकडे तसेच पडणार. निम्मा गुजरात एका तुकड्यावर, उरलेला राजस्थानाला चिकटून दुसऱ्यावर. पोरगं खाच बघतं आणि बसवतं. राज्याचं नाव कळायची त्याला गरजच पडत नाही.

हा खेळ निघाला तेव्हा असं नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. राजाचा भूगोलतज्ज्ञ थॉमस जेफरीज याच्या हाताखाली त्यानं उमेदवारी केलेली. पुढं ड्रुरी लेनजवळ स्वतःचं दुकान घातलं. छापील नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर डकवायचा आणि बारीक करवतीनं देशांच्या सीमेवरून कापायचा, हा त्याचा धंदा. त्याचा १७६६ सालचा युरोप प्रसिद्ध आहे. एक देश म्हणजे एक तुकडा. आतल्या तुकड्यांना आजच्यासारख्या खाचा नसत, नुसते शेजारी टेकवायचे. त्यामुळे फ्रान्सला लागून कोण, हे ठाऊक असल्याशिवाय हात पुढं जात नसे.

पहिला मान बहुतेक जण त्यालाच देतात. मी जरा हात राखून देतो, कारण लंडनमध्येच मुलींना शिकवणाऱ्या मादाम ल प्रँस द बोमाँ या फ्रेंच बाई त्याच्याही थोडं आधी लाकडी नकाशे वापरत होत्या. म्हणजे गरज वर्गातली, दुकान त्याचं! तिसऱ्या जॉर्ज राजाची मुलं सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडं तर अशा नकाशांचं महोगनीचं कपाटच होतं, ते अजून जपून ठेवलंय. गरिबाच्या घरात ही चैन शिरली नाही. स्पिल्सबरी समुद्र वगळून स्वस्त संचही विकायचा, पण महोगनी ती महोगनीच. बिचारा १७६९ मध्ये ऐन तिशीत गेला. तीनच वर्षांनी पोलंडची पहिली वाटणी झाली आणि १७९५ पर्यंत तो देश नकाशावरून पुसला गेला. युरोपच्या जुन्या पेट्यांत त्याचा तुकडा मात्र राहिला. आपल्या भागात सीमेचं निराळं सांगायला नको.

आता तुमच्यापुरतं. भारत बाजूला ठेवा, बेळगाव जिल्ह्यापासून सुरुवात करा. तालुक्यांचा मोठा नकाशा प्लायवूडवर फेविकॉलनं डकवा. रात्रभर वजन ठेवा, नाहीतर कडा उचलतात. सुताराला बारीक पात्यानं फक्त सीमेवरून कापायला सांगा, खाचा नकोत. तालुके नवे पडलेत, तेव्हा नकाशा ताजा घ्या. निपाणी चिकोडीतच दाखवणारे जुने नकाशे अजून बाजारात मिळतात.

आणि समुद्र वगळायची स्पिल्सबरीची काटकसर तुम्ही करू नका. जिल्ह्याबाहेरचेही तुकडे ठेवा : चंदगड, कागल, मिरज, जत, खाली हल्याळ, पलीकडं गोवा. तुमच्या वर्गातल्या किती पोरांचा मामा चंदगडला असेल बघा. तो तुकडा पेटीत नसला तर बेळगाव तालुक्याची पश्चिम बाजू त्यांच्या दृष्टीनं हवेतच लटकते.

जोडून झालं की खानापूरचा तुकडा उचलून घ्या आणि भोकाभोवती कोण कोण आहे ते पोरांकडून वदवून घ्या. गोवा पहिल्याच दमात सांगतील, बैलहोंगल-कित्तूरच्या बाजूला अडतील. तिथं थांबा, चार दिवस तेवढंच घ्या.