'विशेष शर्यत' ही ओळ आधी खोड

फोंडा, रविवार

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली. विद्यापीठाच्या क्रीडा महोत्सवात यंदा दिव्यांग विद्यार्थी आणि बाकीचे एकत्र खेळणार, हे बरंच झालं. पण शेवटच्या पानावर 'दिव्यांगांसाठी विशेष शर्यत, समारोपाआधी' अशी एक ओळ आहे. ती आधी खोड.

का, ते सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात क्रीडाशिक्षक असताना हीच ओळ मी माझ्या हातानं लिहिली होती. कुबड्या घेऊन चालणारे दोन मुलगे, एक कमी दिसणारी मुलगी, एक कर्णबधिर मुलगा, सगळ्यांना एका रेषेवर उभं केलं. कर्णबधिर पोरगा अर्थातच पहिला आला, त्याच्या पायांना काय धाड भरली होती? टाळ्या सगळ्यांना, स्टीलचा डबाही सगळ्यांना. मंडप आवरताना एक डबा खुर्चीवर तसाच दिसला. दोघांतल्या एका कुबडीवाल्या मुलाला हाक मारली, तर म्हणाला, "सर, मी शेवटचा आलो. बक्षीस कसलं?" मला उत्तर सुचलं नाही. तो डबा पुढं कित्येक वर्षं माझ्या खोलीत शिट्ट्या ठेवायला होता.

तेव्हा खेळ असा निवड, की हरणारा खराखुरा हरेल. बसून खेळायचं व्हॉलीबॉल घे. मैदान 10 बाय 6 मीटर, नेट पुरुषांसाठी 1.15 आणि महिलांसाठी 1.05 मीटरवर. चेंडू खेळताना धड जमिनीला टेकलेलं हवं. तुमच्या संघातला उंच स्मॅशर सवयीनं ढुंगण उचलणार आणि पंच शिट्टी फुंकणार. त्याचे ते लांब पाय त्यालाच आडवे येतात. उलट ज्याचे हात रोजच पायांचं काम करतात, तो दोन हातांवर झपकन सरकून चेंडूखाली पोचलेला असतो. शिवाय यात समोरच्याची सर्व्हिससुद्धा ब्लॉक करता येते, त्यामुळे नेटजवळ पेंगून चालत नाही.

बोच्चा मात्र नक्की ठेव. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्यांसाठी हा खेळ रुजला. एक पांढरा चेंडू, त्याच्या जवळात जवळ आपले लाल किंवा निळे सहा चेंडू टाकायचे. आपल्या गोट्यांचाच थोरला भाऊ म्हण. ज्यांना हातानं फेकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतात. पन्हळ हलवायला मदतनीस असतो, पण त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढीच पन्हळ डावी-उजवी करायची. मदत करायला धावणाऱ्या तुमच्या स्वयंसेवकांना आधी हे एक काम दे. आपल्याला जास्त कळतं, ही खोड अर्ध्या तासात जिरते. सरावापुरते चेंडू घरी होतील: जाड कापडाच्या पिशवीत वाळू भरून, वजन 275 ग्रॅमच्या आसपास. पन्हळीला पीव्हीसी पाइप उभा चिरून घे.

गोलबॉल या अंधांच्या खेळात घुंगरांचा सव्वा किलोचा चेंडू असतो आणि दोन्हीकडच्या तिघातिघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946 साली तो निघाला. इथं एक धोका आहे. डोळस पोरांना पट्टी बांधून 'अंधत्वाचा अनुभव' वगैरे देऊ नकोस. दहा मिनिटांत त्यांना फक्त भीती कळते, अंध खेळाडूची कानांची वर्षानुवर्षांची तयारी कळत नाही. ती कळायला त्यांना सात-शून्यानं हरू दे. आणि चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. फुटबॉल बघत वाढलेल्या आपल्या गोंयकारांना हे जमेल का, याची मला खरी धास्ती आहे.

फुटबॉल हवंच असेल तर अंधांच्या फुटबॉलमध्ये गोलकीपर डोळस चालतो. धावण्यात अंध धावपटूसोबत दोरीनं जोडलेला डोळस साथीदार पळतो, पण रेषा धावपटूनं आधी ओलांडायची. एकत्र खेळण्याची सोय नियमांतच आहे, वेगळी दया लागत नाही. 1965च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहून सुवर्ण घेतलं, तेव्हा घड्याळानं त्यांना कुठं सूट दिली होती?

नावनोंदणीच्या फॉर्मवर 'अपंगत्वाचा प्रकार' विचारू नकोस, 'खेळायला काय लागेल?' एवढंच विचार. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी बघून ओळखू येत नाहीत. सुरुवात आठची आहे ती दहाची कर. काणकोण-सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतून कदंबाच्या बस बदलत येणाऱ्यानं पहाटे चारला उठायचं का?

जागेचं मात्र तू एका ओळीत उरकलं आहेस: 'रॅम्प आहे'. असणं वेगळं, चढता येणं वेगळं. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा असेल तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा घाम निघतो, एकट्याला चढवतच नाही. पठारावरच्या चिऱ्याच्या खडीत पुढची छोटी चाकं रुततात, तेव्हा गाडीतळापासून दारापर्यंत कडक वाट हवी. आणि संडासाचं दार बघितलंस का? मैदान उत्तम, पण दार अरुंद, म्हणून दिवसभर पाणी न पिता खेळलेली मुलगी मी पाहिली आहे.

शनिवारी दहाला मी हॉलवर येतो, दोघं मिळून मोजू. टेप तू आण. माझी सुतारानं नेली ती अजून परत आलेली नाही.

तुझा,
सर