चर्चमधली सेवा सोडावीशी वाटते, म्हणजे विश्वास कमी पडतोय का?

प्रिय भगिनी,

संडे स्कूल, गायनवृंदाचा सराव, आजारी सभासदांच्या भेटी आणि वर प्रत्येक सणाची धावपळ, हे सगळं कित्येक वर्षं तुमच्याच गळ्यात आहे. हल्ली तुम्ही मुलांवर उगाच खेकसता. उपासनेला बसलात तरी डोक्यात खुर्च्यांचा हिशेब चालू असतो. पाळकसाहेबांकडे विषय काढला, तर ते म्हणतात, "तुमच्याशिवाय कोण करणार?" आणि आता तुम्ही स्वतःच्या विश्वासावरच शंका घेताय.

ती घेऊ नका. तुम्ही थकला आहात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली 'बर्नआउट'वर, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात स्वेच्छेने राबणाऱ्यांना पाहून. जीव ओतून काम करणारी माणसंच तिथे आतून रिकामी होत होती. आणि बायबलमधला संदेष्टा एलीया आठवा. रानात झुडपाखाली पडून तो मरण मागत होता. देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं.

तरी नुसत्या विश्रांतीने भागणार नाही, कारण परतल्यावर तोच ढीग समोर असेल. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इथ्रो एकट्याने सगळ्या लोकांचा न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला, मोशेला, स्पष्ट सांगतो की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. त्यातलं 'लोकही' मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या थकव्याची झळ त्या मुलांनाही बसतेच आहे. इथ्रोचं ऐकून मोशेने काम वाटून दिलं: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली.

पाळकसाहेबांशी उपासनेनंतर दारात उभ्या-उभ्या बोलू नका, वेळ मागून घ्या. सगळी कामं आणि त्यांना लागणारे तास कागदावर लिहून न्या. बहुधा कुणी ते कधी एकत्र पाहिलेलेच नसतात. मग सांगा, "ईस्टरनंतर मी फक्त संडे स्कूल घेईन. बाकीचं तोवर दुसऱ्यांकडे सोपवूया, शिकवायला मी आहे." "माणूस मिळेपर्यंत करते" असं मात्र चुकूनही म्हणू नका, कारण मग माणूस कधीच मिळत नाही. कुठलं काम ठेवायचं ते तुम्ही ठरवा: कुणी सांगितलं नसतं तरी जे केलं असतं, ते.

कुणीच पुढे आलं नाही, तर एखादं काम काही महिने बंद राहील. राहू द्या. चार लोक कुजबुजतील. नवा माणूस वेगळ्या पद्धतीने करेल, तेव्हा मागून जाऊन दुरुस्त्या करू नका. कमिटीला एवढंच सुचवा की प्रत्येक जबाबदारी दोघांकडे असावी आणि वर्षाची मुदत ठरलेली असावी.

झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. प्रार्थनेच्या आड ते येत नाही.

आणि महिन्यातला एक रविवार फक्त उपासनेला जा. चर्चच्या कपाटाच्या किल्ल्या आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणाकडे देऊन ठेवा.

तुमची,
ताई