पहिल्यांदाच गॅलरीत भाजी लावायची आहे. ठाण्यात फ्लॅट आहे, गॅलरी पूर्वेकडे आहे, ऊन सकाळी अकरापर्यंत असतं. नर्सरीवाल्याने ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो आणि ब्रोकोलीची रोपं सुचवली आहेत. सोप्या भाज्या कोणत्या?

ऊन किती वेळ असतं ते तुम्ही लिहिलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण तेवढंच सोडून बाकी सगळं लिहितात. तुमच्याकडे तीन-चार तास थेट ऊन येतं, आणि काय लावायचं ते यावरच ठरतं.

नर्सरीवाल्याने ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो आणि ब्रोकोलीची रोपं सुचवली असं तुम्ही म्हणता. ती यादी सध्या बाजूला ठेवा. फळभाजीला रोज निदान सहा तास ऊन हवं. ते नसलं की झाड नुसतं उंच आणि लुकडं होतं, फुलं येतात आणि गळून जातात. ब्रोकोली म्हणजे एका कुंडीत एक गड्डा, तोही दोन-तीन महिने अळ्या वेचल्यावर. नवशिक्याचा उत्साह मारायचा असेल तर याहून चांगली यादी मिळणार नाही.

ज्यांची पानं खायची अशा भाज्यांचं मात्र एवढ्या उन्हात भागतं. बियांची पाकिटं आणायचीही गरज नाही, सुरुवातीपुरतं सगळं तुमच्या फडताळात आहे.

पहिली मेथी. डब्यातले दोन मुठी मेथीदाणे रात्री भिजत घाला. पाच-सहा इंच खोल कुठलंही पसरट भांडं चालेल, थर्माकोलचा खोका किंवा आतून प्लास्टिक लावलेली आंब्याची पेटीसुद्धा. तळाला भोकं मात्र हवीतच. सकाळी दाणे निथळून मातीवर दाट पसरा, अगदी दाण्याला दाणा टेकेल इतके, आणि वर जेमतेम झाकतील एवढी माती भुरभुरवा. पाणी हाताने शिंपडायचं. तांब्याने ओतलंत तर सगळे दाणे वाहून एका कोपऱ्यात जमा होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती वर उचललेली दिसते, आणि तीन-चार आठवड्यांत भाजी काढता येते. तेवढा धीर नसेल तर पंधरवड्यातच कोवळी उपटा. मुंबई-ठाण्याच्या बाजारात चिमुकल्या जुड्यांनी मिळते ती समुद्रमेथी म्हणजे हीच मेथी, रेतीत दाट पेरून लहानपणीच मुळासकट काढलेली. एक सांगून ठेवतो, पेटीभर मेथी शिजली की वाटीभर होते. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या भांड्यात पुढची पेरणी करत राहा.

दुसरी कोथिंबीर. ‘उगवतच नाही’ अशी सगळ्यात जास्त तक्रार हिचीच असते. अख्खा धणा म्हणजे वरच्या टरफलात दोन बिया असतात. धणे पोळपाटावर पसरा आणि हलक्या हाताने लाटणं फिरवा, टचकन दोन फाका होतात. जोर लावलात तर धणेपूड होईल, ती आमटीत घाला. शेतकरी हेच काम धणे चपलेने रगडून करतात. मग रात्रभर भिजवून पेरायचे. मेथीसारखी ही तिसऱ्या दिवशी दर्शन देत नाही. आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर माती ओलसर ठेवायची आणि उकरून बघायचं नाही. काढणी साधारण दीड महिन्याने. एप्रिल-मे महिन्यात मात्र नाद करू नका. उगवण कमी होते आणि जी येते ती उन्हाळ्याने घाईघाईत फुलावर जाते. बाजारात जुडीचे भाव कडाडतात तेही नेमके तेव्हाच, आणि कारणही हेच.

डब्यात राजगिरा असेल तर तोही पेरून बघा, माठासारखी पालेभाजी मिळते. फक्त तो भाजलेला नको. बी बारीक असतं, म्हणून चिमूटभर बी मूठभर रेतीत कालवून फेकायचं, नाहीतर एकाच जागी गुच्छ उगवतो.

काड्यांवर येणारं तर याहून सोपं. पुदिन्याची जुडी आणलीत की पानं चटणीला घ्या, जाडसर काड्या पेल्यात पाण्यात ठेवा. आठवड्याभरात मुळं सुटतात. त्याला कुंडी मात्र स्वतंत्र द्या, कारण तो शेजाऱ्याला जगू देत नाही. पानओवा आणि मायाळू कुणाच्या तरी घरून फांदी मागून आणायचे. दोन्हींची भजी होतात. गवती चहाचं ठोंब मिळालं तर सोडू नका, गॅलरीत जिथे सगळ्यात जास्त ऊन येतं ती जागा त्याला द्या.

लाल मिरचीच्या बिया टाकून एखादं मिरचीचं रोप करायला हरकत नाही. तुमच्या उन्हात ढीगभर लागणार नाहीत, पण फोडणीपुरत्या मिळतील. पानं वळून आक्रसायला लागली की तो बोकड्या. आधी पानाच्या मागच्या बाजूला कीड बघा, लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचं साबण घालून संध्याकाळी फवारा. तरी सुधारलं नाही तर सरळ उपटा, एका रोपात जीव अडकवू नका.

मातीबद्दल एवढंच की नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका, ती पंधरा दिवसांत दगड होते. निम्मी माती, बाकी निम्म्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट घाला. ताजं शेण नको, मुळं जळतात. पालेभाजीला यापलीकडे काही लागत नाही, त्यामुळे ‘बूस्टर’च्या बाटल्या दुकानातच राहू द्या.

सुरुवात दसऱ्याच्या आसपास करा. पाऊस ओसरलेला असतो आणि पुढचे चार महिने पालेभाज्यांचे असतात. भर पावसात मेथी-कोथिंबीर ठाण्याच्या दमटपणात मुळाशी कुजते. पावसाळ्यातच हात शिवशिवायला लागले तर भाजीवाल्याकडच्या चार अळकुड्या मोठ्या कुंडीत पुरा. अळूला कमी ऊन आणि भरपूर पाणी दोन्ही मानवतं. पानं खाजरी निघाली तर चिंच सढळ हाताने घालायची.

कुंड्या कठड्यावर नको, आत जमिनीवर ठेवा, आणि खाली ताटल्या द्या, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ पाणी पडून सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय तुम्हीच व्हाल. ताटल्यांतलं पाणी रोज ओतून टाका. पालिकेचे लोक डासांच्या अळ्या तपासायला आले की पहिल्यांदा त्याच उचलून बघतात.