बॉनेटची गेलेली चमक परत येईल का?

प्रश्न : 2012 ची लाल हॅचबॅक जुनी घेतली. रोज जुळे सोलापूर ते होटगी रोड चालवतो. छत, बॉनेट पांढरट पडलंय. गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण रंगवा. करू का?

उत्तर : थांबा, दादा. कंपनीचा मूळ रंग भट्टीत पक्का झालेला असतो, तो उगाच घालवू नका. आधी पांढऱ्या डागाच्या कडेवरून नख फिरवा. पापुद्रा निघत असेल, तर वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेलाय. तिथं पॉलिशचा उपयोग नाही, तेवढाच भाग रंगवून घ्या. पृष्ठभाग सलग असेल, तर चमक बरीचशी परत येते.

गाडी शाम्पूनं धुवा, सावलीत. बोअरच्या पाण्याचे क्षारडाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून पुसा आणि लगेच धुऊन टाका. मग क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा, भरपूर ओला करून. हात फिरवल्यावर काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत पुढं जाऊ नका. त्यानंतर बारीक कंपाउंड (वरचा थर किंचित घासून चमक आणणारी पेस्ट), आधी वीतभर जागेवरच. फडक्याला लाल रंग लागला तर हात आवरा: एकतर क्लिअर कोट मुळातच नाही, नाहीतर संपलाय. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. म्हणून कडांवर पॉलिशचं मशीन नकोच.

पुसायला आपला सोलापुरी टॉवेल मला प्रिय, पण इथं मायक्रोफायबरच घ्या. शेवटी वॅक्स. आपल्या उन्हात ते दर दोन-तीन महिन्यांनी लावा.